विश्लेषण : लघुग्रह धडकण्याची शक्यता ३.१ टक्के होती, मग ती शून्य कशी झाली?

डिजिटल डेस्क, नाशिक

‘२२ डिसेंबर २०३२ रोजी मुंबईवर लघुग्रह कोसळणार, नासाचा इशारा.’ फेब्रुवारी २०२५मध्ये अशा अर्थाचे मेसेज अनेकांच्या फोनवर फिरत होते. नाशिकमधले सोसायट्यांचे आणि नातेवाइकांचे ग्रुपही त्याला अपवाद नव्हते. मुंबई आपल्यापासून रस्त्याने जेमतेम १७० किलोमीटर. त्यामुळे ‘मग आपले काय?’ हा प्रश्न ओघाने आलाच.

आठवडाभरातच दुसरी बातमी आली : धोका टळला. त्यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. ‘आधी घाबरवले आणि मग शब्द फिरवला’ ही एक. ‘काहीतरी लपवत आहेत’ ही दुसरी. प्रत्यक्षात शास्त्रज्ञांनी शब्दही फिरवला नव्हता आणि काही लपवलेही नव्हते. टक्का वाढणे आणि मग एकदम घसरणे, हे या हिशेबात अपेक्षितच असते. ते का, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. कारण पुढच्या वेळी टक्का घसरला नाही, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

नेमके काय घडले होते?

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील रिओ उर्तादो येथील ‘अ‍ॅटलास’ या दुर्बिणीला एक नवा लघुग्रह दिसला. त्याला ‘२०२४ वायआर४’ असे नाव मिळाले. गंमत म्हणजे तो सापडला तेव्हा पृथ्वीजवळून निघूनही गेला होता. २५ डिसेंबरला तो पृथ्वीपासून सुमारे सव्वाआठ लाख किलोमीटरवरून गेला आणि दोन दिवसांनी नजरेस पडला.

त्याची कक्षा मोजल्यावर लक्षात आले की २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पुन्हा जवळ येणार आहे आणि धडकेची शक्यता नाकारता येत नाही. जानेवारी २०२५च्या अखेरीस ही शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. या पातळीला संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीतून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने अधिकृत सूचना काढायची असते. ती २९ जानेवारीला काढली गेली. १८ फेब्रुवारीला नासाच्या गणितात शक्यता ३.१ टक्क्यांवर पोहोचली. या आकाराच्या लघुग्रहासाठी नोंदवलेली ही आतापर्यंतची सर्वाधिक शक्यता. दुसऱ्या दिवशी ती १.५ टक्के झाली, त्यानंतर ०.२८ टक्के आणि २४ फेब्रुवारीपर्यंत ०.००४ टक्के. विषय संपला.

लघुग्रह सापडतो कसा?

दुर्बिणीतून पाहिले तरी बहुतेक लघुग्रह ताऱ्यासारखा एक ठिपकाच दिसतो. दिसण्यात फरक नसतो, फरक हालचालीत असतो. म्हणून दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार फोटो काढते. सगळे तारे जागेवर राहतात आणि एखादा ठिपका मात्र फोटोगणिक थोडा थोडा सरकतो. हा सरकणारा ठिपका संगणक शोधून काढतो.

लघुग्रह पृथ्वीच्या अगदी जवळ असेल, तर तो इतक्या वेगाने सरकतो की एकाच फोटोत ठिपक्याऐवजी रेघ उमटते. अडचण अशी, की कृत्रिम उपग्रहांच्याही रेघा उमटतात. मग संगणकाने निवडलेल्या फोटोंवर शेवटी माणसाची नजर फिरवावी लागते.

सापडलेल्या ठिपक्याची जागा आणि वेळ अमेरिकेतील ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे पाठवली जाते. लघुग्रहांच्या नोंदींचे हे जगातील मुख्य केंद्र. तेथे ती नोंद सर्वांसाठी खुली होते आणि जगभरातील व्यावसायिक तसेच हौशी खगोल निरीक्षक आपापल्या दुर्बिणी त्या दिशेने वळवतात. पुढचे धोक्याचे गणित नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आणि युरोपीय अंतराळ संस्था स्वतंत्रपणे करतात. दोघांची उत्तरे ताडून पाहिली जातात. वायआर४च्या वेळी युरोपचा सर्वाधिक आकडा २.८ टक्के होता आणि नासाचा ३.१. दोन स्वतंत्र गणिते इतकी जवळ येणे ही चांगली खूण असते.

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी काय पकडले होते?

रेघ ओळखण्याच्या या कामात महाराष्ट्राचा एक ठळक धागा आहे. १६ ऑगस्ट २०२० रोजी, लॉकडाऊनच्या काळात, आयआयटी मुंबईचे विद्यार्थी कुणाल देशमुख आणि कृती शर्मा कॅलिफोर्नियातील ‘झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी’ या दुर्बिणीचे फोटो तपासत होते. तैवानमधील एक सहकारीही त्यांच्यासोबत होता. त्या फोटोंमध्ये त्यांना एक रेघ सापडली. ती होती ‘२०२० क्यूजी’ या लघुग्रहाची.

हा लघुग्रह फार तर एखाद्या एसयूव्हीएवढा, ३ ते ६ मीटरचा होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३८ मिनिटांनी तो दक्षिण हिंद महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. पृथ्वीला न धडकता इतक्या जवळून गेलेला दुसरा लघुग्रह तोवर नोंदला गेला नव्हता. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने त्याची वाट सुमारे ४५ अंशांनी वळली. हा विक्रम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका लघुग्रहाने मोडला.

या कहाणीतला महत्त्वाचा तपशील वेळेचा आहे. दुर्बिणीने ही रेघ टिपली ती लघुग्रह जवळून जाऊन सहा तास झाल्यावर. कॅलिफोर्नियात तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि भारतात दुपार होती. जगाच्या दोन टोकांना लोक असले की तिकडच्या रात्री टिपलेली माहिती इकडे दिवसाढवळ्या तपासता येते. तरीही तो आधी दिसला नाही. तो सूर्याच्या दिशेने आला होता.

सापडला, पण तो केवढा आहे आणि कुठे जाणार हे कसे कळते?

आधी आकार. दुर्बिणीला आकार दिसत नाही, दिसते ती चमक. छोटा पण पांढरट खडक आणि मोठा पण कोळशासारखा काळा खडक, दोन्ही सारखेच चमकू शकतात. म्हणूनच वायआर४चा आकार सुरुवातीला ‘४० ते ९० मीटर’ असा सांगितला गेला. ऐकायला ही तफावत दुपटीची वाटते. पण ९० मीटरच्या खडकाचे घनफळ ४० मीटरच्या खडकाच्या अकरापट भरते. दगड एकाच प्रकारचा आणि वेग तेवढाच धरला, तर धडकेची ऊर्जाही अकरापट होते.

हा गोंधळ उष्णतेने सुटतो. काळा खडक जास्त तापतो आणि जास्त उष्णता बाहेर टाकतो. मार्च २०२५मध्ये जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीने वायआर४ची उष्णता मोजली आणि आकार सुमारे ६० मीटर ठरला. म्हणजे साधारण वीस मजली इमारतीएवढा.

आता मार्ग. एका रात्रीच्या फोटोंतून कक्षेचा फक्त अंदाज येतो. प्रत्येक मोजमापात सूक्ष्म चूक असतेच. आज मोजलेल्या वेगात अगदी किंचित चूक असली, तरी आठ वर्षे पुढचे गणित केल्यावर ती लाखो किलोमीटरची होऊ शकते. म्हणून निरीक्षणांचा कालावधी जितका लांब, तितका अंदाज पक्का. आठवड्यापेक्षा महिना बरा आणि महिन्यापेक्षा चार वर्षे बरी. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री यात खोडा घालतात, कारण चंद्रप्रकाशात असे अंधूक ठिपके हरवतात.

कधी कधी जुने फोटोच मदतीला येतात. कोणा दुर्बिणीने काही वर्षांपूर्वी काढलेल्या फोटोत तोच लघुग्रह नकळत टिपला गेलेला असतो. तो सापडला, की कालावधी एका फटक्यात वाढतो.

रडारने मोजले तर अंतर आणखी अचूक कळते. पुणे–नाशिक रस्त्यावरून जाताना नारायणगावजवळच्या जीएमआरटीच्या मोठ्या डिश अनेकांनी पाहिल्या असतील. त्या हे काम करत नाहीत. त्या आकाशातून येणारे रेडिओ संदेश फक्त ऐकतात. रडारसाठी लघुग्रहाकडे लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडावा लागतो. ही सोय जगात मोजक्याच ठिकाणी आहे आणि त्यातली मोठी, पोर्तो रिकोतील अरेसिबोची दुर्बीण, डिसेंबर २०२०मध्ये कोसळली.

टक्का आधी वाढला आणि मग घसरला, असे का?

नाशिककरांना हे कुंभमेळ्याच्या उदाहरणाने सोपे जाईल. समजा सिंहस्थाच्या गर्दीत तुमचे काका चुकले. फोन बंद. ते शहरातल्या १०० ठिकाणांपैकी कुठेही असू शकतात आणि रामकुंड हे त्यातले एक. सगळ्या जागा सारख्याच शक्य धरल्या, तर ते रामकुंडावर असण्याची शक्यता १ टक्का.

थोड्या वेळाने निरोप येतात. नाशिकरोडला नाहीत. सातपूरकडे गेलेले नाहीत. सीबीएसवरही नाहीत. यादी आखडत ३२ ठिकाणांवर येते आणि रामकुंड अजूनही यादीत आहे. आता शक्यता झाली ३२ पैकी १, म्हणजेच ३.१ टक्के. काका रामकुंडाच्या दिशेने निघाले म्हणून टक्का वाढला का? नाही. ते होते तिथेच आहेत. वाढली ती आपली माहिती.

मग फोन येतो, ‘तपोवनात भेटले.’ रामकुंड यादीतून बाद आणि शक्यता थेट शून्य.

वायआर४चे अगदी असेच झाले. २०३२मध्ये तो कुठे असू शकतो, याचा पट्टा सुरुवातीला प्रचंड लांब होता आणि पृथ्वी त्या पट्ट्यातला एक छोटा तुकडा होती. निरीक्षणे वाढली तसा पट्टा दोन्ही टोकांनी आखडत गेला. पृथ्वी मात्र आतच राहिली. त्यामुळे पट्ट्यातला तिचा वाटा वाढत गेला. १८ फेब्रुवारीनंतर पट्टा इतका आखडला की पृथ्वी त्याच्या बाहेर पडली.

यातली दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. काका खरोखर रामकुंडावर असते, तर? तरीही आकडे सुरुवातीला असेच वाढले असते : १ टक्का, ३ टक्के. फरक एवढाच, की ते पुढे १०, ५० करत १००पर्यंत गेले असते. ३ टक्क्यांवर असताना या दोन वाटांपैकी आपण कोणत्या वाटेवर आहोत, हे कोणालाच माहीत नसते. म्हणून तेव्हा दिलेला इशारा घाबरवण्यासाठी नव्हता आणि नंतरची ‘शून्या’ची बातमी ही माघार नव्हती.

मग मुंबईचे नाव कुठून आले?

लघुग्रहाच्या संभाव्य जागांचा पट्टा लांबट आणि अरुंद असतो. तो पृथ्वीच्या गोलाला जिथे छेदतो, तिथे जमिनीवर एक चिंचोळी पट्टी तयार होते. वायआर४ धडकलाच असता तर या पट्टीत कुठेतरी. ती पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत जात होती.

म्हणजे ३.१ टक्के ही या हजारो किलोमीटरच्या पट्टीत कुठेही धडकण्याची एकूण शक्यता होती. पट्टीचा बराच भाग समुद्रावर होता. एका शहराच्या वाट्याला त्यातला अगदी छोटा हिस्सा येतो. ‘मुंबईवर धडकण्याची शक्यता ३ टक्के’ हे वाक्य म्हणूनच साफ चुकीचे होते. ‘मुंबई त्या पट्टीच्या आसपास आहे’ एवढेच खरे होते. मेसेजमध्ये ही दोन वाक्ये एक झाली.

धोका कोणत्या मापाने मोजतात?

दोन मापे प्रचलित आहेत. सर्वसामान्यांसाठी टोरिनो स्केल. यात ० ते १० असे आकडे असतात आणि धडकेची शक्यता व ऊर्जा एकत्र पाहिली जाते. ० म्हणजे काळजी नाही, १० म्हणजे जागतिक संकट अटळ. वायआर४ या मापावर ३ला पोहोचला होता. ३चा अर्थ होतो, ‘खगोलशास्त्रज्ञांनी लक्ष द्यावे.’

शास्त्रज्ञ आपापसात पालेर्मो स्केल वापरतात. त्याचा प्रश्न वेगळा असतो. या विशिष्ट लघुग्रहाचा धोका मोठा, की त्या तारखेपर्यंत त्याच आकाराचा दुसराच कुठला तरी दगड येऊन धडकण्याचा नेहमीचा धोका मोठा? दोन्ही सारखे असतील तर उत्तर ०. उणे २ आले तर नेहमीच्या धोक्याच्या शंभरावा हिस्सा.

टोरिनोवर सर्वांत वर गेलेला लघुग्रह ‘अपोफिस’. डिसेंबर २००४मध्ये त्याची २०२९मध्ये धडकण्याची शक्यता २.७ टक्के निघाली होती आणि तो ४ला पोहोचला होता. त्सुनामीच्या दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, मार्च २००४मधले जुने फोटो सापडले आणि २०२९ची धडक बाद झाली. वीस वर्षांच्या अंतराने दोन लघुग्रह, गोष्ट मात्र एकच.

खरोखर धडकला तर किती नुकसान?

उत्तर आपल्याच राज्यात आहे. नाशिकपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा वाटोळा खड्डा ज्वालामुखीचा असावा, असे अनेकांना वाटत असे. १९७३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनाने तो आघाताने झाल्याचे पुरावे मांडले. तिथल्या खडकात प्रचंड दाबाखालीच तयार होणारे काचेसारखे खनिज सापडले होते. बेसाल्ट खडकातले इतके उत्तम टिकलेले आघात विवर जगात दुर्मीळ आहे. त्याचे वय आधी सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. मोजमाप सुधारले की आकडा बदलतो, हे इथेही दिसते.

जमिनीवर खड्डा पडलाच पाहिजे असे मात्र नाही. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे एका लघुग्रहाचा हवेतच स्फोट झाला आणि सुमारे २,१५० चौरस किलोमीटरवरचे जंगल आडवे झाले. हे क्षेत्र नाशिक जिल्ह्याच्या साधारण सातव्या हिस्स्याएवढे आहे. नाशिक शहर आणि आजूबाजूचे तालुके डोळ्यांसमोर आणले की कल्पना येते.

१५ फेब्रुवारी २०१३ची रशियातील चेल्याबिन्स्कची घटना अधिक जवळची आहे. सुमारे २० मीटरचा दगड शहराजवळ हवेत फुटला. जवळपास दीड हजार लोक जखमी झाले, तेही बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. कारण आवाजापेक्षा उजेड आधी येतो. आकाशात लख्ख प्रकाश पाहून लोक खिडकीशी गेले आणि दोनेक मिनिटांनी हवेच्या दाबाची लाट येऊन काचा फुटल्या.

त्या दिवशी जगभरातल्या दुर्बिणी खरे तर दुसऱ्याच एका लघुग्रहाची वाट पाहत होत्या. तो ठरल्याप्रमाणे जवळून जाणार होता आणि गेलाही. चेल्याबिन्स्कचा दगड मात्र कोणालाच दिसला नव्हता. तो सूर्याच्या दिशेने आला होता.

मग खरा धोका कोणता?

टक्का जाहीर झालेला लघुग्रह हा निदान सापडलेला लघुग्रह असतो. खरी काळजी न सापडलेल्यांची आहे. पृथ्वीच्या जवळपास येणाऱ्या ४० हजारांहून अधिक लघुग्रहांची नोंद झाली आहे. एक किलोमीटरहून मोठे, म्हणजे साऱ्या जगाला फटका देऊ शकणारे बहुतेक सगळे सापडले आहेत. पण १४० मीटर आणि त्याहून मोठ्यांपैकी निम्म्याहून कमीच माहीत आहेत. तुंगुस्का किंवा वायआर४एवढ्या लहानांमध्ये तर न सापडलेलेच कितीतरी अधिक.

जमिनीवरच्या दुर्बिणी रात्रीच काम करतात, त्यामुळे सूर्याकडची बाजू हा त्यांचा आंधळा कोपरा आहे. त्यावर उपाय म्हणून नासा ‘निओ सर्व्हेअर’ ही उष्णता टिपणारी अंतराळ दुर्बीण तयार करत आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५मध्ये पहिले फोटो जाहीर केले, तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह सापडले होते. त्यातले सात पृथ्वीच्या परिसरातले होते आणि एकापासूनही धोका नव्हता.

याचा एक परिणाम आताच समजून घेतलेला बरा. दुर्बिणी सुधारतील तशा ‘अमुक टक्के शक्यता’ असलेल्या बातम्या वाढतील. आकाशातले दगड वाढणार नाहीत, आपल्याला दिसणारे वाढतील.

अगदी लहान दगड धडकण्याच्या काही तास आधीही सापडू लागले आहेत. २००८मध्ये सुदानवर कोसळलेला सुमारे ४ मीटरचा दगड हा असा पहिला. २०२४अखेर अशी ११ उदाहरणे झाली आणि त्यातली चार एकट्या २०२४मधली.

धडकणारच असेल तर काय करता येते?

२६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ यान ताशी सुमारे २२,५०० किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या खडकावर मुद्दाम आदळवण्यात आले. हा खडक एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारत होता. धडकेनंतर ती सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. किमान ७३ सेकंदांचा बदल व्हावा, एवढीच अपेक्षा होती. तिथे नेमके काय झाले ते जवळून पाहण्यासाठी युरोपचे ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४मध्ये निघाले.

खडक फोडायची गरज नसते, त्याला वेळेत धक्का द्यायचा असतो. साधा गुणाकार करून पाहा. लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त २ सेंटीमीटरने बदलला, तर दहा वर्षांत तो सुमारे ६,३०० किलोमीटर बाजूला सरकतो. ही जवळपास पृथ्वीची त्रिज्या झाली. हाती एकच वर्ष असेल तर तेवढ्यासाठी दहापट जोराचा धक्का लागेल. काही आठवडेच असतील तर संबंधित भाग रिकामा करण्याखेरीज पर्याय उरत नाही. म्हणून लवकर सापडणे हाच मोठा बचाव.

भारताचा वाटा किती?

पृथ्वी फिरते, त्यामुळे चिली आणि हवाईमध्ये उजाडले की पाळत ठेवायला दुसरे कोणी लागते. तेव्हा आपल्याकडे रात्र असते किंवा व्हायची असते. लडाखमधील हानले येथे, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ०.७ मीटर व्यासाची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आहे. ती आपोआप चालते आणि अचानक समोर आलेल्या लघुग्रहाकडे झटपट वळू शकते.

वेगवान लघुग्रहाचा पाठलाग करताना दुर्बीण त्याच्यासोबत सरकते. मग लघुग्रह ठिपका दिसतो आणि तारेच रेघांसारखे लांबतात. रेघ झालेल्या ताऱ्यांवरून लघुग्रहाची अचूक जागा काढणे कठीण असते. त्यासाठी कृती शर्मा, प्रा. वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅस्ट्रीक्स’ नावाची पद्धत विकसित केली आणि २०२३मध्ये प्रसिद्ध केली. ऐकायला किरकोळ वाटते, पण शक्यतेचा पट्टा आखडतो तो अशाच अचूक जागांमुळे. इस्रोनेही या विषयात लक्ष घातले असून जुलै २०२४मध्ये बेंगळुरूत लघुग्रह संरक्षणावर कार्यशाळा घेतली होती.

पुढचा मेसेज आला तर काय पाहायचे?

चार गोष्टी पाहा. पहिली, लघुग्रहाचे नाव दिले आहे का? ‘२०२४ वायआर४’सारखे नाव नसेल तर मेसेज तिथेच थांबवा. दुसरी, टोरिनोचा आकडा किती? नासा आणि युरोपीय अंतराळ संस्थेच्या धोक्याच्या याद्या सर्वांसाठी खुल्या आहेत आणि तिथे नाव शोधता येते. तिसरी, लघुग्रह किती दिवसांपूर्वी सापडला? आठवडाभराचा असेल तर आकडा वर-खाली होणारच. चौथी, आकार किती? ५ मीटर आणि ५०० मीटर यांची बातमी एक नसते.

आकाशात दिसलेली प्रत्येक आग लघुग्रहाची नसते, हेही ध्यानात असू द्या. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, राज्याच्या अनेक भागांतून जळत जाणाऱ्या रेघा दिसल्या आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. मात्र कधी दिवसाढवळ्या डोळे दिपवणारा प्रकाश दिसलाच, तर चेल्याबिन्स्क आठवा. खिडकीकडे धावू नका, काचेपासून लांब राहा.

आणि एक तारीख आताच नोंदवून ठेवा. १४ एप्रिल २०२९ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे सव्वातीनच्या सुमारास अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपले टीव्ही प्रक्षेपणाचे उपग्रह याहून उंचावर असतात. एखाद्या स्टेडियमहून मोठा खडक इतक्या जवळून जाणार म्हटल्यावर त्या आधीच्या आठवड्यांत आपल्या फोनवर काय काय येईल, याचा अंदाज आताच बांधता येतो. उत्तरही आताच माहीत आहे. २०२१च्या रडार मोजमापांनंतर पुढची किमान शंभर वर्षे अपोफिसच्या धडकेची शक्यता नासाने बाद केली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे वर्ष लघुग्रहांविषयी जागृतीचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे ते याच भेटीच्या निमित्ताने. तेव्हा कोणी ‘आंबेडकर जयंतीला जग बुडणार’ असे पाठवले, तर उत्तर म्हणून त्यांना काका आणि रामकुंडाची गोष्ट सांगा.